उशाजवळचा मुद्देमाल

खून, दरोडे, दंगे असं बरंच काही नोकरीत पाहिलं आणि त्यातलं बहुतेक आता पुसट झालं आहे. हे एक प्रकरण मात्र तसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं आहे. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, कुणी फरार झालं नव्हतं आणि एकही आरोपी माझ्याशी फार वेळ खोटं बोलला नव्हता. तरी ते आठवलं की पुढ्यातलं जेवण तसंच राहतं.

मी तेव्हा बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या हद्दीजवळ सर्कल इन्स्पेक्टर होतो. ठाण्याचं, गावाचं, माणसांचं नाव इथे घेणार नाही. काही जण हयात आहेत, आणि जे नाहीत त्यांची मुलंबाळं त्याच गल्लीत राहतात. आमच्या भागात फिर्यादी मराठीत बोलतो, रायटर ते कन्नडमध्ये लिहून घेतो आणि साक्षीदार अडला की दखनीत शिरतो. पंचनाम्याला आम्ही महजर म्हणतो. महजर नीट तर केस नीट, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं आणि मी ते तीस वर्षं पाळलं.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. तालुक्याच्या गावातला एक मेडिकल दुकानदार माझ्या खोलीत आला आणि दार लोटून घेऊन बसला. दुबलगुंडीच्या वाटेवरच्या एका गावात अफूच्या गोळ्या आहेत, असं त्याने सांगितलं. ज्याच्या घरात आहेत तो माणूस पूर्वी शहाबादकडच्या फरशीच्या खाणीत कामाला होता. ठेवायची जागाही दुकानदाराला माहीत होती. स्वयंपाकघरात, शेंगदाण्याच्या डब्यात.

खबर देणाऱ्याला मी नेहमी विचारायचो की तुला यात काय? खबर खोटी असते असं नाही, पण सांगणाऱ्याचं कारण वेगळं असतं, आणि ते आधी माहीत असलेलं बरं. त्या दिवशी मी विचारलं नाही. त्या महिन्यात वरून अमली पदार्थांच्या केसेसबद्दल विचारणा चालू होती आणि आमच्या सर्कलमधून एकही गेली नव्हती. पुढे कळलं की तो खाणीतला माणूस चार वर्षं याच दुकानातून कमरेत घ्यायची दुखण्यावरची इंजेक्शनं नेत असे, चिठ्ठीशिवाय. काही महिन्यांपासून त्याने ती बंद केली होती. बंद का केली याचा दुकानदाराने शोध घेतला, आणि त्यातून ही खबर निघाली.

कायद्याप्रमाणे मी सगळं केलं. खबर लिहून घेऊन वरिष्ठांना कळवली. तहसीलदारांना बरोबर घेतलं, दोन पंच घेतले, आणि दहाच्या सुमाराला आम्ही त्या घरी पोचलो. माणूस चाळिशीचा असेल. दारातल्या बाजेवर कुशीवर पडलेला होता. खाणीत अंगावर फरशी सरकून आल्याने त्याच्या पाठीचा कणा मोडला होता. पाय थोडे हलत, पण बसता येत नव्हतं. झडतीची नोटीस वाचून दाखवली तेव्हा त्याने बायकोला सांगितलं, "डबा दे त्यास्नी." तिने शेंगदाणे परातीत ओतले. खालून पाकिटं निघाली. मॉर्फिनच्या गोळ्या, म्हणजे अफूपासूनच होणारं वेदनेवरचं औषध. चिठ्ठी नव्हती.

कुणी दिल्या, हे तो सांगेना. ठाण्यात आणलं तर बाकावर बसवता येईना, म्हणून रायटरच्या खोलीत सतरंजीवर झोपवला. मी दोनदा विचारलं, हवालदाराने चारदा. "दुखतंय म्हून खातो," एवढंच तो म्हणे. दुपार होता होता त्याला घाम फुटला. हातपाय थरथरायला लागले, नाक वाहायला लागलं. असं अंग मी ठाण्यात पुष्कळदा पाहिलं होतं. मी रायटरला म्हणालो की बघ, नशेखोर आहे, माल मिळाला नाही की असंच होतं. रायटरने मान हलवली आणि तसं लिहिलंही. त्याच्या कमरेत काय चाललं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

गोळ्या कुठून आल्या हे शोधायला वेळ लागला नाही. पाकिटांवर बॅच क्रमांक होता. या गोळ्या कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. सरकारने मान्यता दिलेल्या दवाखान्यालाच त्या मिळतात. औषध निरीक्षकांना फोन केला, तासाभरात उत्तर आलं. आमच्या भागात ती बॅच एकाच ठिकाणी आली होती.

तालुक्याच्या गावातला दोन खोल्यांचा तो दवाखाना. डॉक्टर साठीचे होते. केरळात जाऊन वेदनेवरच्या उपचारांचं शिक्षण घेऊन आलेले, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या त्या पट्ट्यात हे काम करणारे ते एकटेच. मुडबीहून, निर्ण्याहून माणसं त्यांच्याकडे येत. ज्यांना मोठ्या दवाखान्यांनी आता घरी न्या म्हणून सांगितलेलं असे, अशीच बहुतेक. गोळ्यांचं कपाट दोन कुलपांचं, नोंदवही स्वच्छ. मी वही पानापानाने पाहिली. खाणीतल्या माणसाचं नाव तीत नव्हतं.

"हा माझ्या औषधावर नाही," डॉक्टर म्हणाले.

मी रोज तपासायला येणाऱ्या रोग्यांचं रजिस्टर मागितलं. ते द्यायला त्यांनी थोडा वेळ लावला, आणि तेवढ्यावरून मला कळलं की त्यात काहीतरी आहे. चार महिन्यांपूर्वीच्या एका पानावर तो माणूस सापडला. "पाठीचा कणा, वेदना तीव्र, नेहमीच्या गोळ्यांनी उतार नाही." पुढे औषधाची जागा कोरी होती. मग मी गोळ्यांची वही पुन्हा उघडली आणि त्या तारखेनंतर काय बदललं ते बघत गेलो. पुढच्याच आठवड्यात एका बाईचं औषध दुप्पट झालं होतं. चार तासांनी एक होती, ती चार तासांनी दोन झाली. कॅन्सरच्या रोग्याचं औषध वाढतंच, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण बाईचा पत्ता त्याच गावचा होता, त्याच गल्लीतला.

केस फुटली की पोलिसाला जो आनंद होतो तो मला झाला. ते इथे लपवत नाही.

मी वही डॉक्टरांसमोर धरली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या बाईंकडे जाऊ नका," ते म्हणाले. "जे लिहायचं ते माझ्यावर लिहा."

असं कुणी म्हणालं की तिथेच जायचं असतं. आम्ही गेलो.

बाईचा नवरा गावात पिठाची गिरणी चालवत असे. आमची जीप पाहून तो तसाच धावत आला, भुवयांवर पीठ घेऊन. बाई पन्नाशीच्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि अंगावर नुसती हाडं. रोग खुब्यात होता. त्यांची आणि खाणीतल्या माणसाची भिंत एकच होती. आम्ही कशासाठी आलो हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"साहेब, त्याला कामून धरलाव?" त्या म्हणाल्या. "म्या दिल्या गोळ्या."

मी विचारलं, का दिल्या.

"भित एकच हाय. म्या गोळी खाऊन निवांत पडायलेय अन पल्याड माणूस कण्हायलाय. कसं पडावं निवांत, सांगा."

डॉक्टरांनी द्यायला सांगितलं होतं का, हा पुढचा प्रश्न. हा प्रश्न महत्त्वाचा होता आणि तो मी सावकाश विचारला. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"त्यास्नी म्या सांगितलं व्हतं, पल्याडच्याला द्या म्हून. त्यास्नी देता येईना. मग एक दिस दोन दोन लिवल्या. म्हनले, एक तुमची. दुसरी कुनाची ते बोलले न्हाईत. मला कळलं."

रायटरने ते कन्नडमध्ये उतरवलं. वाचून दाखवलं. बाईंनी अंगठा दिला नाही, सही केली. अक्षरं सगळी पूर्ण होती.

त्यानंतर जप्ती. उशाजवळ स्टीलची डबी होती आणि कोनाड्यात पाकिटं. रायटरने पंचांसमोर गोळ्या मोजल्या, चौसष्ट भरल्या. त्या कापडी पिशवीत घातल्या, दोरा बांधला, लाख वितळवायला घेतली. बाई हे सगळं पडल्या पडल्या बघत होत्या. चार वाजायला थोडा वेळ होता.

"न्या सगळ्या," त्या म्हणाल्या. "तेवढी चारची एक ठिवून जावा, साहेब."

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अक्का, महजर लिहून झालाय."

हे माझे शब्द आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत. चौसष्ट लिहिलं होतं आणि त्रेसष्ट करायचं तर पान बदलावं लागलं असतं, पंचांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या. खाडाखोड दिसली की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. बाईंनी पुन्हा मागितली नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. लाखेचा वास खोलीत भरला आणि आम्ही बाहेर पडलो.

नवऱ्याला मी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथे या गोळ्या मिळतील अशी माझी समजूत होती. विचारून खात्री करून घेतली नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांना अटक केली. कपाटाला सील लावलं. रोग्यांची यादी जप्त केली. त्यात नऊ नावं होती. ती मी साक्षीदार कोण होऊ शकतील म्हणून वाचली. उद्यापासून या नऊ जणांचं काय, असं मला वाटलं नाही. आज ते लिहिताना लाज वाटते.

ठाण्यात डॉक्टरांची चौकशी मी एकट्याने केली. आवाज चढवावा लागला नाही. त्यांनी सांगितलं की काही वर्षांपूर्वी असाच हाडं मोडलेला एक माणूस त्यांच्याकडे आला होता. त्याला त्यांनी उघडपणे गोळ्या लिहून दिल्या होत्या. तपासणीत ते कुणाच्या तरी नजरेला आलं आणि नोटीस आली की कॅन्सर नसताना हे औषध का दिलं, खुलासा करा. त्यांनी चार पानी खुलासा पाठवला. तो मान्य झाला की नाही, हे कधीच कळलं नाही.

"रस्त्यावर जीप थांबली की छातीत धस्स व्हायचं, साहेब. दोन वर्षं," ते म्हणाले. "मान्यता गेली तर बाकीचे रोगी कुठे जातील? म्हणून ठरवलं की कॅन्सर सोडून कुणाला लिहायचं नाही."

"मग हे कामून लिहिलं?"

"तो माणूस माझ्या दारात पायरीवर दोन तास पडून होता. उठता येत नव्हतं म्हणून. त्याला मी परत पाठवला. त्यानंतर मला जमलं नाही."

खरं का लिहिलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "खरं लिहिलं असतं तर तुम्ही तेव्हाच आला असता."

जबाबात मी लिहिलं की आरोपीने खोटी नोंद केल्याचं कबूल केलं. ते बरोबरही होतं.

खाणीतल्या माणसाला कोर्टाने लवकर जामीन दिला आणि तो घरी गेला, गोळ्यांशिवाय. बाईंना सरकारी दवाखान्यात जे होतं ते इंजेक्शन देऊन परत पाठवलं होतं. त्याने तासभर उतार पडे. गिरणीवाल्याने वकील गाठून अर्ज केला की जप्त गोळ्या रोग्याच्या औषधासाठी परत मिळाव्यात. कोर्टाने पोलिसांचं म्हणणं मागवलं. मी लिहून दिलं की मुद्देमाल तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचा असल्याने हरकत आहे. छापील असावं तसं ते वाक्य आहे. मी ते शेकडो अर्जांवर लिहिलं होतं. सुनावणीची तारीख जप्तीपासून अकराव्या दिवसाची लागली.

बाई नवव्या दिवशी गेल्या. बीटच्या शिपायाने रोजच्या अहवालात शेवटच्या ओळीत ते सांगितलं. मग तो थांबला आणि म्हणाला, "गल्लीतली लेकरं तीन दिवस आजोळी पाठवली होती, साहेब. ऐकवत न्हवतं म्हून." पलीकडच्या घरातला माणूस कुठेच जाऊ शकत नव्हता. त्याने सगळं ऐकलं.

दोषारोपपत्र मीच दाखल केलं. आरोपी क्रमांक एक डॉक्टर. क्रमांक दोन बाई, आणि त्यांच्या नावापुढे कंसात मयत. क्रमांक तीन खाणीतला माणूस. गिरणीवाला ठाण्यात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. बायकोचं नाव त्या कागदातून काढा, एवढीच त्याची विनंती होती. पुरवठा त्यांच्या हातून झाला होता, साखळी पूर्ण दाखवायची तर नाव लागणारच, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याला ते समजलं. तो नमस्कार करून गेला.

खटला वर्षानुवर्षं चालला. माझी साक्ष होईपर्यंत मी निवृत्तीला आलो होतो. डॉक्टरांचा वकील तरुण होता. त्याने सरकारी नियमाचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि एक कलम मोठ्याने वाचायला लावलं. मान्यताप्राप्त डॉक्टरने वेदना कमी करण्यासाठी हे औषध द्यावं, असं त्यात होतं. वेदना कोणत्या रोगाची, ते कुठेच नव्हतं. कॅन्सर हा शब्द त्याने मला सगळ्या पानांवर शोधायला लावला. मला सापडला नाही.

"ही केस करण्यापूर्वी हा नियम तुम्ही वाचला होता का?"

मी नाही म्हणालो. मग डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनीही तो नियम इतका बारकाईने वाचला नसावा असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. निदान ती नोटीस आल्यानंतर त्यावर विश्वास ठेवला नसावा. खाणीतल्या माणसाला त्यांनी उघडपणे गोळ्या लिहून दिल्या असत्या तर माझ्याकडे केसच नव्हती. कायद्याने मोकळी ठेवलेली वाट त्यांनी भीतीने सोडली, आणि ज्या वाटेने गेले तो गुन्हा होता.

निकालात खाणीतला माणूस निर्दोष सुटला. अमली पदार्थ पुरवल्याच्या आरोपातून डॉक्टरही सुटले. खोट्या नोंदीबद्दल ते दोषी ठरले. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची, आणि ते पाच वाजेपर्यंत बाकावर ताठ बसून राहिले. मान्यतेची मुदत केव्हाच संपली होती. ती त्यांनी पुन्हा मागितली नाही. आता ते सर्दी-तापाचे रोगी बघतात. त्या पट्ट्यात ते काम करणारं नंतर कुणी आलं नाही. खाणीतल्या माणसाला त्याची बायको महिन्यातून एकदा बसच्या मागच्या लांब सीटवर झोपवून हैदराबादला नेते. तिथल्या दवाखान्यात त्याला त्याच गोळ्या मिळतात, चिठ्ठीवर, त्याच्या स्वतःच्या नावाने.

निकालाच्या वेळी मी निवृत्त झालो होतो, तरी गेलो होतो. कोर्टाबाहेर गिरणीवाला माझ्याजवळ आला. आता तो म्हातारा दिसत होता. निकाल कन्नडमध्ये वाचला गेला होता आणि कायद्याची भाषा त्याला नीट लागली नव्हती.

"आमचीचं काय झालं, साहेब? सुटली का ती?"

मेलेला आरोपी सुटत नाही. त्याच्याविरुद्धचं कामकाज तिथे संपतं, बस्स. तो निर्दोष आहे असं कुणी म्हणत नाही, दोषी आहे असंही म्हणत नाही. निकालपत्रात त्या बाईंसाठी दीड ओळ होती.

"सुटली," मी म्हणालो.

कधी कधी मला नव्या सब-इन्स्पेक्टरांसमोर बोलायला बोलावतात. त्यांना मोठमोठ्या तपासांच्या गोष्टी हव्या असतात. मी हीच सांगतो. घरात औषध सापडलं तर ते कुणाचं आहे हे आधी बघा, आणि सरकारी डॉक्टरला बरोबर घ्या. रोग्याला लागेल तेवढं त्याच्याजवळ राहू द्या आणि किती राहू दिलं ते महजरमध्ये लिहा. एकाने एकदा विचारलं की सर, असं करायला कायद्याची हरकत नाही का? नाही, मी म्हणालो. तेव्हाही नव्हती.